पेशा बदलणाऱ्यांचा हिशेब

विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या धावणार हे निश्चित झाले, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेपुढे एक विलक्षण अडचण उभी राहिली. पृथ्वीच्या चुंबकत्वाची अतिसूक्ष्म मोजमापे तेथे १८४० च्या दशकापासून चालत आलेली होती आणि ट्रामसाठी वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाने ती बिघडणार होती. म्हणून समुद्रापलीकडे, अलिबागला, चुंबकत्वाचा स्पर्श नसलेल्या निवडक दगडांची नवी वेधशाळा १९०४ मध्ये उभारण्यात आली. परंतु नवी वेधशाळा उभी राहिली म्हणून जुनीचे दार लगेच लावण्यात आले नाही. सुमारे दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग अशा दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, त्यांचा मेळ बसतो की नाही हे पाहिले गेले, आणि मगच १९०६ मध्ये कुलाब्याचे चुंबकीय काम थांबले. ट्राम धावली ती १९०७ मध्ये. त्यामुळे नोंदींची अखंड मालिका कोठेही तुटली नाही.

अलिबागच्या या वेधशाळेवरून रोज शेकडो माणसे ये-जा करतात. त्यांत तासिका तत्त्वावर शिकविणारे प्राध्यापक असतात, मानधनावर राबणारे शिक्षण सेवक असतात, पतपेढीतले लेखनिक असतात, आणि पदवी हाती पडून दोन-तीन वर्षे लोटलेली मुले असतात. यांतील पुष्कळांच्या मनात आज एकच विचार घोळत असतो. हातचे काम सोडावे, संगणकाची आज्ञावली लिहावयास शिकावे, आणि सॉफ्टवेअरच्या धंद्यात शिरावे. विचार गैर नाही. वेडगळ तर मुळीच नाही. प्रश्न असा आहे की, वेधशाळेला लाभलेली ती दोन वर्षे या माणसांना कोण देणार? जुन्याचा आधार न सुटता नव्याची उभारणी करण्यासाठी लागणारा काळ, आणि त्या काळाचा खर्च, कोणाच्या नावे मांडावयाचा? पेशा बदलण्याच्या साऱ्या चर्चेत हाच एक प्रश्न बहुधा विचारला जात नाही.

गणक होता माणूस

सॉफ्टवेअर हे कोण्या निराळ्याच जातीच्या बुद्धिमंतांचे क्षेत्र आहे, ही समजूत प्रथम बाजूला ठेवली पाहिजे. ‘कॉम्प्युटर’ हे यंत्राचे नाव होण्यापूर्वी ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. भारताच्या सर्वेक्षण खात्यात राधानाथ सिकदर हे बंगाली गणिती मुख्य ‘कॉम्प्युटर’ होते. आज एव्हरेस्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिखराच्या उंचीचे गणित त्यांनी १८५२ च्या सुमारास केले. जनगणनेच्या कार्यालयातही या नावाचे पद दीर्घकाळ होते. रकाने भरणे, बेरजा पडताळणे, चूक सापडली की मागे जाऊन ती नेमकी कोठे शिरली हे शोधणे, असे या माणसांचे काम. कारकुनाच्या कामाहून ते फारसे वेगळे नव्हते.

अमेरिकेत १९४५ मध्ये एनिअ‍ॅक नावाचा प्रचंड इलेक्ट्रॉनिक संगणक बांधून होत आला, तेव्हा त्याला काम सांगण्यासाठी ज्या सहा स्त्रियांची निवड झाली, त्याही अशाच गणक होत्या. तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके हाताने तयार करणे ही त्यांची नोकरी होती. त्यांना शिकविण्यासाठी पुस्तक नव्हते, अभ्यासक्रम नव्हता. यंत्राचे आराखडे समोर ठेवून त्यांनी आपले आपण शिकून घेतले. ग्रेस हॉपर या विदुषी गणिताच्या प्राध्यापिका होत्या. दुसऱ्या महायुद्धात त्या अमेरिकी नौदलात गेल्या आणि तेथे संगणकाशी त्यांची गाठ पडली. कचेरीतील माणसाला वाचून समजेल अशा भाषेत यंत्राला आज्ञा देता आल्या पाहिजेत, हा त्यांचा आग्रह होता, आणि १९५९ मध्ये आकाराला आलेल्या कोबोल या भाषेवर त्यांच्या कामाची दाट छाया आहे. पगारपत्रके, विम्याचे हप्ते, बँकेची खाती यांसाठीच ही भाषा घडविण्यात आली. याचा अर्थ, संगणकाच्या पहिल्या पिढीतील आज्ञावलीकार हे सगळेच पेशा बदलून आलेले लोक होते. त्या पेशाची पदवीच तेव्हा अस्तित्वात नव्हती.

रायगड जिल्ह्याचा या इतिहासाशी आणखी एक धागा जुळतो. खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील टाटांची जलविद्युत केंद्रे याच जिल्ह्यातली. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेतून वाहत रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. या केंद्रांची वीज मुंबईला पुरविणाऱ्या टाटा विद्युत कंपन्यांत फकीरचंद कोहली हे विद्युत अभियंते १९५१ मध्ये रुजू झाले. कोणत्या क्षणी कोणत्या केंद्रातून किती वीज घ्यावयाची, हे ठरविण्याची व्यवस्था उभारणे हे त्यांचे काम. ते गणित संगणकावर करता येईल, हे त्यांच्या ध्यानी आले. १९६९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या वर्षभरापूर्वी स्थापन झालेल्या संस्थेची धुरा त्यांच्याकडे आली. पुढे ‘भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाचे जनक’ म्हणून ज्यांचा गौरव झाला, ते कोहली मुळात वीजवाले होते. महाराष्ट्रातले ठळक उदाहरण अच्युत गोडबोले यांचे. सोलापूरच्या या विद्यार्थ्याने १९७२ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून रसायन अभियांत्रिकीची पदवी घेतली, शहाद्याच्या आदिवासी चळवळीत भाग घेतला, आणि नंतर सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तीन दशके घालवून मोठमोठ्या कंपन्यांची प्रमुखपदे भूषविली.

मात्र ही उदाहरणे सांगून थांबणे म्हणजे वाचकाची दिशाभूल करणे होय. कोहली यांच्या मागे एक बलाढ्य उद्योगसमूह होता. त्यांचा पगार एक दिवसही थांबला नाही. आयआयटीची पदवी हीसुद्धा एक प्रकारची ठेवच असते. श्रीवर्धनच्या किंवा म्हसळ्याच्या शिक्षकापाशी यांपैकी काहीच नसते. त्याच्याशी ज्यांचे नाते जुळते, ती माणसे वेगळी आहेत आणि त्यांची नावे कोठेही छापून आलेली नाहीत.

बँकेतला कारकून प्रोग्रॅमर कसा झाला?

संगणक आला की कारकुनांच्या नोकऱ्या जाणार, ही भीती भारतात १९६० च्या दशकात मोठी होती. आयुर्विमा महामंडळात संगणक बसविण्याच्या प्रश्नावर तीव्र आंदोलने झाली. या साऱ्या विषयाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. बँकांत हा प्रश्न आणखी दशकभर धुमसत राहिला. अखेर सप्टेंबर १९८३ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटना आणि बँकांचा महासंघ यांच्यात करार होऊन मर्यादित प्रमाणात यंत्रे वापरण्यास संमती मिळाली. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या डॉ. सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये पुढची दिशा आखून दिली. त्यानंतरच्या वर्षांत शाखाशाखांतून खतावणीची यंत्रे दिसू लागली.

या घडामोडींचे एक अंग क्वचितच सांगितले जाते. ही यंत्रे चालविण्यासाठी, आणि पुढे त्यांच्या आज्ञावल्या लिहिण्यासाठी, अनेक बँकांनी आणि विमा महामंडळाने माणसे बाहेरून न आणता आपल्याच कर्मचाऱ्यांतून निवडली. अंतर्गत चाचणी होई. वाणिज्य, विज्ञान, क्वचित कला शाखेचे पदवीधर तिला बसत. निवडलेल्यांना काही आठवडे, काही महिने प्रशिक्षण मिळे; त्या काळात पगार चालू राही, सेवाज्येष्ठतेला धक्का लागत नसे. काल खतावणीच्या जाडजूड वह्यांत व्याज काढणारा कारकून उद्या तेच व्याज काढण्याची रीत यंत्राला सांगू लागे. त्याला व्याजाचे नियम नव्याने शिकावे लागत नसत. वर्षअखेरीला खाती कोठे अडतात, मयत खातेदाराच्या वारसाचे काय करावयाचे, अर्धवट महिन्याचे व्याज कसे धरावयाचे, हे त्याच्या हाडीमाशी मुरलेले होते. शिकावयाची ती केवळ यंत्राची भाषा.

कर्मचारी संघटनांनी तेव्हा धरलेला आग्रह पुष्कळांना प्रगतिविरोधी वाटला, आणि त्यातील काही भाग तसा होताही. परंतु यंत्र येणार असेल तर माणसाला शिकविण्याचा भार संस्थेने उचलावा, या मागणीत शहाणपण होते. वेधशाळेची ती दोन वर्षे येथे संस्थेच्या खर्चाने मिळाली. म्हणूनच हजारो सामान्य माणसांचा पेशा फारसा गाजावाजा न होता बदलला.

पुढे सॉफ्टवेअर कंपन्यांनीही, स्वतःच्या गरजेपोटी, हाच मार्ग पत्करला. इसवी सन २००० च्या तोंडावर जगभरातील संगणकांत वर्ष लिहिण्यासाठी दोनच अंक राखलेले असल्याचा दोष दूर करण्याचे प्रचंड काम निघाले. त्यानंतरही मागणी वाढतच गेली. स्थापत्य, यंत्र, रसायन अशा कोणत्याही शाखेचा अभियंता घ्यावा, त्याला काही महिने पगार देऊन आज्ञावली शिकवावी आणि कामाला लावावे, ही पद्धत रूढ झाली. इन्फोसिसचे म्हैसूर येथील विस्तीर्ण प्रशिक्षण संकुल हे या पद्धतीचे डोळ्यांत भरणारे स्मारकच म्हणावे लागेल. त्या काळात कोकणातल्या घराघरांतून मुले पुण्याला, बंगळुरूला आणि तेथून परदेशी गेली. त्यांच्या पेशाबदलाचा खर्च मालकाने सोसला होता, हे मात्र त्यांच्या यशाच्या कथा सांगताना विसरले जाते.

आजचा बदल कोणाच्या खर्चाने?

आता परिस्थिती पालटली आहे. शिकण्याचे साहित्य पूर्वी कधी नव्हते इतके स्वस्त झाले आहे. शिकण्याचा काळ मात्र महाग झाला आहे. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या उपक्रमात पायथॉन, जावा, सी यांसारख्या भाषांचे धडे मराठी निवेदनासह विनामूल्य मिळतात. हा उपक्रम उभारणारे प्रा. कन्नन मौद्गल्य हे रसायन अभियांत्रिकीचे प्राध्यापक, ही बाबही बोलकी आहे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या व्यासपीठावर नामांकित प्राध्यापकांचे पूर्ण अभ्यासक्रम आहेत. मुरूडच्या मुलाला आज जे धडे घरबसल्या मिळतात, ते १९८५ मध्ये मुंबईच्या मुलालाही मिळत नव्हते. मग अडचण कोठे आहे?

अडचण दिवसाच्या घड्याळात आहे. समजा, तळकोकणाच्या वेशीवरील एखाद्या गावात एक शिक्षण सेवक आहे. शिक्षण सेवकाची तीन वर्षे मानधनावरच काढावी लागतात. प्राथमिक शाळेत हे मानधन कित्येक वर्षे सहा हजार रुपये होते. ते २०२३ मध्ये सोळा हजार झाले. शाळा, वह्या तपासणे, वेळी-अवेळी अंगावर येणारी सर्वेक्षणाची कामे, घरची वाडी, म्हातारे आईवडील हे सारे उरकून त्याच्या हाती रात्रीचे दोन तास लागतात. आज्ञावली लिहिण्याचे कौशल्य वाचून येत नाही. पोहण्यासारखे ते पाण्यात उतरूनच येते. रात्रीच्या दोन तासांच्या हिशेबाने नोकरीयोग्य तयारीला दीड-दोन वर्षे सहज लागतात, आणि त्यांतही मध्ये खंड पडला की मागचे विसरते. शिक्षिकेची गोष्ट तर आणखी अवघड. तिचे दोन तास स्वयंपाकघरातून हिसकावून घ्यावे लागतात.

दुसरी अडचण किनाऱ्याच्या भूगोलाची. मुरूड-श्रीवर्धनला रेल्वे नाही. मांडव्याची रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. त्यांनी मुंबई जवळ आणली ती मुख्यतः मोटारवाल्यांसाठी. एसटीने जाणाऱ्याचे अंतर तेवढेच राहिले आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन-मुरूडकडील सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या आणि अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून अंधारात राहिली. सुपारीचे नवे रोप फळावर यावयास सहा-सात वर्षे लागतात. वाडीच्या उत्पन्नाचा जो आधार कोकणी माणसाला जोखीम घेण्याचे बळ देत असे, तोच अशा घरांतून खचला. त्याच वर्षी टाळेबंदीत सिद्ध झाले की, सॉफ्टवेअरचे काम घरी बसूनही करता येते. एकाच वर्षाने किनाऱ्याला आशाही दाखविली आणि तिचे मोलही सांगितले.

तिसरी अडचण अशी की, दार अरुंद होऊ लागले आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी लोकांसमोर आले, आणि साध्यासुध्या आज्ञावल्या यंत्र स्वतःच लिहू शकते, हे सर्वांनी पाहिले. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने आपल्या सहा लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांपैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या वर पदे कमी करण्याचे जाहीर केले. नवशिक्याला ज्या किरकोळ कामांवर पूर्वी हात बसवून घेता येत असे, नेमकी तीच कामे यंत्राकडे जात आहेत. ‘सहा महिन्यांत नोकरीची हमी’ अशी पाटी लावणारे वर्ग या बदलाबद्दल मौन बाळगतात. कर्ज काढून अशा वर्गाची भरमसाट फी भरण्यापूर्वी, हमी देणारा ती लेखी देतो काय आणि न पाळल्यास पैसे परत करतो काय, एवढे दोन प्रश्न प्रत्येकाने विचारले तरी पुष्कळ संसार वाचतील.

जुना पेशा हेच भांडवल

तर मग हा विचारच सोडून द्यावा काय? तसे मुळीच नाही. यंत्राला वाक्ये लिहिता येऊ लागली म्हणून काय लिहावयाचे हे ठरविण्याची, आणि लिहिलेले बरोबर आहे की नाही हे तपासण्याची गरज संपली नाही. उलट ती वाढली. येथेच जुन्या पेशाचे मोल कळते.

साधे उदाहरण पगारपत्रकाचे घ्यावे. शाळांतील वेतन आता ‘शालार्थ’ प्रणालीतून निघते. मूळ वेतनावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, त्यातून वजाती, एवढे गणित कोणताही विद्यार्थी आठवड्यात आज्ञावलीत बसवील. पण बिनपगारी रजा महिन्याच्या मध्यावर सुरू झाली तर? महागाई भत्ता मागील तारखेपासून वाढला आणि दरम्यान कर्मचाऱ्याची बदली झाली तर थकबाकी कोणी काढावयाची? वेतनवाढीची तारीख आणि निलंबनाचा काळ एकमेकांत अडकले तर? या प्रश्नांची यादी शाळेतला अनुभवी लिपिक चहा पिता पिता करील. तरबेज परंतु अननुभवी आज्ञावलीकाराला ती सुचणारही नाही. सॉफ्टवेअर फसते ते बहुधा अशा अपवादांच्या जागी. नियम सर्वांना ठाऊक असतो. अपवाद ठाऊक असतो तो केवळ ते काम केलेल्या माणसाला.

शिक्षकाचेही तसेच. वर्गातल्या चाळीस मुलांचे चुकीचे उत्तर पाहून विचारात नेमकी गफलत कोठे झाली हे ओळखणे, ही त्याची रोजची साधना असते. आज्ञावलीतील दोष शोधण्याच्या कामात हीच बुद्धी लागते. अवघड गोष्टीचे लहान लहान भाग पाडून, क्रमाने, एकही पायरी न गाळता मांडणे हा तर आज्ञावली लिहिण्याचा गाभाच आहे, आणि पाठाचे टाचण काढताना शिक्षक दुसरे काय करतो? म्हणून पेशा बदलणाऱ्याने आपली मागची दहा वर्षे वाया गेली असे मानून नव्या पदवीधराशी शर्यत लावणे हा तोट्याचा सौदा ठरतो. त्या शर्यतीत वय त्याच्या विरुद्ध असते. त्याने आपल्याच पेशाच्या वेशीवर उभे राहून नवे कौशल्य घ्यावे. आपल्या शाळेचे वेळापत्रक, पतपेढीचे हप्ते, ग्रंथालयाची देवघेव यांसाठी एक छोटी आज्ञावली स्वतः लिहावी, ती खऱ्या माणसांनी वर्षभर वापरावी, आणि तिच्यातल्या चुका आपण सुधाराव्यात. ती वर्षभर चाललेली आज्ञावली हे दहा प्रमाणपत्रांहून वजनदार प्रमाणपत्र होय. तोवर हातची नोकरी सोडू नये. दोन्ही ठिकाणच्या नोंदींचा मेळ बसल्यावाचून कुलाबा बंद करू नये, हाच अलिबागचा धडा आहे.

दार कोणी उघडावयाचे?

परंतु व्यक्तीला उपदेश करून समाजाची जबाबदारी संपत नाही. १९९० मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने डोएक परीक्षांची योजना आखली. तिचे चार स्तर होते, आणि संस्थेत प्रवेश न घेता स्वतः अभ्यास करणाऱ्यालाही तिच्या परीक्षेस बसण्याची सोय होती. माणूस कोठे शिकला हे न विचारता त्याला काय येते एवढेच विचारणारे ते दार होते. ‘नाईलिट’ या नावाने ती संस्था आजही आहे. परंतु महाराष्ट्रातील कारकून-शिक्षकवर्गाला माहीत असलेली परीक्षा म्हणजे एमएस-सीआयटी. २००१ पासून तिने लाखो लोकांना संगणकाची तोंडओळख करून दिली, हे तिचे श्रेय नाकारता येणार नाही. पण ती वापरकर्ता घडविते, रचनाकार नव्हे. तिच्यापुढची पायरी गावात नाही.

ती बांधण्याची साधने मात्र जिल्ह्यात आहेत. लोणेरे येथे १९८९ मध्ये स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आता राज्यभरातील महाविद्यालयांना संलग्नता देते. किनाऱ्यावरील महाविद्यालयांत संगणकाच्या प्रयोगशाळा आहेत आणि संध्याकाळनंतर त्यांना कुलपे असतात. ही कुलपे आठवड्यातून तीन संध्याकाळी उघडली, नोकरी करणाऱ्यांसाठी नाममात्र शुल्कात दोन वर्षांचा सायंअभ्यासक्रम ठेवला, आणि शेवटी विद्यापीठाने पदवीची अट न घालता केवळ कौशल्य तपासणारी परीक्षा घेतली, तर त्यासाठी नव्या इमारतीची गरज लागणार नाही. कायम कर्मचाऱ्याला सेवानियमांत अध्ययन रजा आहे, धारणाधिकार आहे. ज्याला या दोहोंची सर्वाधिक गरज, त्या तासिका तत्त्वावरच्या आणि मानधनावरच्या माणसाला यांतले काहीच नाही. त्याच्यासाठी निदान लहानशी शिष्यवृत्ती जिल्हा पातळीवर ठेवता येणे अशक्य नाही.

यावर एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल. चांगले शिक्षक आणि चोख कारकून असे निघून गेले, तर शाळांनी आणि कचेऱ्यांनी काय करावयाचे? आक्षेपात तथ्य आहे. परंतु माणूस टिकावा म्हणून त्याचे दार बंद ठेवणे हा मार्ग नव्हे; त्याला सन्मानाचे वेतन आणि स्थैर्य देणे हा मार्ग आहे. शिक्षकीवर जीव असूनही केवळ घर चालत नाही म्हणून जो पेशा बदलतो, त्याच्या जाण्याचा दोष सॉफ्टवेअरच्या आकर्षणाकडे जात नाही. तो शिक्षकीला मिळणाऱ्या मोबदल्याकडे जातो. आणि दार उघडे असले म्हणून सारेच बाहेर पडतात असेही नाही. आज्ञावली लिहिता येणारा शिक्षक शाळेतच राहिला, तर त्या शाळेतल्या मुलांना हे क्षेत्र परक्यांचे वाटणार नाही. तो लाभ लहान नव्हे.

अलिबागच्या वेधशाळेत पूर्वी छायाकागदावर उमटलेल्या रेषांवरून तासातासाची मूल्ये माणसे मोजून काढीत आणि रकान्यांत भरीत. आता ते काम यंत्रे करतात. पद्धत बदलली, उपकरणे बदलली, माणसांच्या पिढ्या बदलल्या. नोंदींची मालिका मात्र तुटली नाही, कारण बदलाच्या वेळी दोन वर्षांचा दुहेरी खर्च करण्याचे औदार्य कोणीतरी दाखविले होते. चुंबकाच्या सुईसाठी शतकापूर्वी जे करता आले, ते त्याच किनाऱ्यावरच्या माणसांसाठी आज करता येऊ नये काय?